बागेतला सरडा नेमकं खातो तरी काय?

तगर (नाशिक), ११ मार्च

नमस्कार मंडळी.

आमच्या घरामागे लहानशी बाग आहे. जास्वंद, कढीपत्ता, शेवगा, दोन लिंबं, कुंपणाला मेंदी. दिवाळीपासून इथे एक सरडा मुक्कामाला आहे. आपला नेहमीचाच, मानेवर काट्यांचा तुरा आणि अंगाच्या दुप्पट शेपूट असलेला. सकाळी भिंतीवर ऊन आलं की येतो, अर्धा-पाऊण तास नुसता पडून राहतो, मग शेवग्याच्या बुंध्यावर डोकं खाली करून बसतो. तिथून दुपारपर्यंत फारसा हलत नाही.

माझी सात वर्षांची मुलगी रोज त्याच्यासाठी भिंतीवर खाऊ ठेवते. पोहे, पोळीचा तुकडा, भात. तो ढुंकूनही बघत नाही. परवा तिने केळ्याचा काप ठेवला आणि एक वेगळीच गोष्ट दिसली. केळ्याला मुंग्या लागल्या, आणि थोड्या वेळाने सरडा खाली उतरून त्या मुंग्या एकेक करून टिपायला लागला. दहा मिनिटं तरी चाललं होतं. केळ्याला मात्र तोंड लावलं नाही.

तर माझे प्रश्न असे. हा फक्त किडेच खातो का? दिवसाला किती लागतात? उन्हाळ्यात बाग सुकली की त्याचं काय होतं, आणि आपण काही ठेवावं का? सासूबाई म्हणतात, घराजवळ सरडा नको, पोरीला चावेल. मला त्याला हाकलायचं नाहीये. त्याच्याबद्दल नीट माहिती असली तर त्यांनाही समजावता येईल.

गवतफूल, ११ मार्च

आमच्या गच्चीतल्या कुंड्यांमध्येही आहे एक. वाचते आहे.

शाळेचा_फळा (सातारा), ११ मार्च

तगरताई, तुमच्या मुलीने नकळत फार छान प्रयोग केला. तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

सरड्याला अन्न ओळखू येतं ते हालचालीवरून. पोहे हलत नाहीत, म्हणून त्याच्या लेखी ते खडे. मुंगी चालते, म्हणून ती घास. त्याची शिकारीची पद्धतही तुम्ही अचूक टिपली आहे. उंचावर डोकं खाली करून बसायचं, खालच्या जमिनीवर नजर ठेवायची आणि काही हललं की झेप घ्यायची. सापसुरळी पालापाचोळ्यात नाक खुपसत भक्ष्य हुडकत हिंडते, तसा सरडा हिंडत नाही. तो वाट बघतो. त्यामुळे त्याच्या पोटात काय जाणार हे बरंचसं तो कुठे बसतो त्यावर ठरतं. भिंतीच्या पायथ्याशी मुंग्यांची रांग असेल तर मुंग्या, गवताशेजारी बसला तर नाकतोडे आणि टोळ.

बागेतल्या सरड्याच्या आहारात संख्येने सगळ्यात जास्त सापडतात त्या मुंग्या. त्याखालोखाल भुंगेरे, नाकतोडे, रातकिडे, अळ्या, पतंग, माश्या, कोळी, वाळवी. मोठा नर गांधीलमाशीही पकडतो. क्वचित लहान पाल, आणि स्वतःच्याच जातीचं नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लूसुद्धा. हे ऐकायला वाईट वाटतं, पण त्याच्या दृष्टीने तेही झेपेल एवढ्या आकाराचं हलणारं काहीतरीच असतं.

आता चावण्याबद्दल. सरडा विषारी नाही. हातात धरला तर जोरात चावतो, कारण जबडा चांगला मजबूत असतो. भुंगेऱ्याचं कवच फोडायला तो लागतोच. त्याचे दात जबड्याच्या कडेला पक्के जडलेले असतात. पुढचे थोडे सोडले तर झिजल्यावर नवे येत नाहीत. भक्ष्य तो दोन-चारदा चावून, चिरडून अख्खं गिळतो. त्याला कोणी धरलं नाही तर तो आपणहून माणसाच्या वाटेला जात नाही. सासूबाईंना एवढं नक्की सांगा.

आणि सकाळी तो 'नुसता पडून' नसतो. ऊन घेतल्याशिवाय त्याला चपळाई येत नाही, आणि खाल्लेलं पचवायलाही अंगात ऊब लागते. थंडीत नाशिकला तो जेमतेमच खात असेल, पाहा आठवून.

तगर, ११ मार्च

हो! डिसेंबर-जानेवारीत तो कितीतरी दिवस दिसलाच नव्हता. मला वाटलं मांजराने नेला.

निवळ, ११ मार्च

तो जीभ लांब फेकून किडा पकडतो ना? आम्ही लहानपणी तसंच ऐकलं होतं.

शाळेचा_फळा, १२ मार्च

तो शॅमेलिऑन. अंगाच्या लांबीपेक्षा दूर जीभ फेकणारा, सावकाश चालणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. आपल्याकडे रानात तोही असतो, आणि लोक दोघांनाही सरडाच म्हणतात. बागेतल्या सरड्याची जीभ जाड आणि चिकट असते, पण तोंडाबाहेर थोडीशीच येते. मुंगीसारखं बारीक भक्ष्य तो जिभेला चिकटवून उचलतो आणि मोठं असेल तर थेट जबड्याने धरतो. तगरताई, पुढच्या वेळी मुंग्या खाताना जवळून पाहा. प्रत्येक मुंगीला तो मान खाली घालून जीभ टेकवतो.

रंगाचंही तसंच. आजूबाजूला लपण्यासाठी रंग बदलतो असं आपण समजतो, पण याचा रंग मुख्यतः ऊन-सावली, भीती आणि विणीचा हंगाम यांवर बदलतो. उन्हाळ्यापासून नराचं डोकं-गळा लालभडक होतो तो माद्यांना आणि दुसऱ्या नरांना दाखवायला. त्या लाल गळ्यामुळेच इंग्रज त्याला रक्तशोषक म्हणायचे. रक्ताशी त्याचा काही संबंध नाही.

मधपेटी (वाई), १२ मार्च

धागा वाचून राहवलं नाही. माझ्याकडे सातेरी मधमाश्यांच्या काही पेट्या आहेत आणि सरड्यांनी मला बराच त्रास दिलेला आहे. पेटीच्या दारासमोर दगडावर नाहीतर थेट पेटीच्या फळीवर बसतो आणि परत येणाऱ्या माश्या टिपतो. माशी परागाने लादलेली असते, उतरताना तिचा वेग कमी होतो, नेमकी तेव्हाच. डंखाचं त्याला फारसं काही वाटत नाही असं मी तरी पाहिलं. दुबळी वसाहत असेल तर तेवढंही नुकसान जाणवतं.

म्हणून सरड्याला बागेचा मित्र म्हणताना ही बाजूही लक्षात असू द्या.

शाळेचा_फळा, १२ मार्च

मान्य. तो आपल्यासाठी काम करत नाही, पोट भरतो. कीड आणि मित्रकीटक हा भेद त्याच्याकडे नाही. पेटी उंच घोडीवर ठेवून आजूबाजूचं गवत आणि बसायचे दगड काढले तर उपयोग होतो का?

मधपेटी, १२ मार्च

होतो, तेच केलं. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतोच मुंग्यांसाठी, त्यामुळे सरड्यालाही चढणं जड जातं. दारासमोरची हातभर जागा मोकळी ठेवली. एकही सरडा मारला नाही. आता ते पलीकडच्या बांधावर असतात. वडील मारायचे, मला ते कधी जमलं नाही.

कपाशी_तूर (यवतमाळ), १३ मार्च

आमच्याकडे वऱ्हाडात धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), तुराटीच्या काडीवर सरडा बसलेला नाही असा दिवस नाही. मला विचारायचं होतं, गुलाबी बोंडअळीवर याचा काही उपयोग होतो का? आमच्या बैठकीत एक जण सांगत होता की सरडे वाढवले तर अळी आटोक्यात येते.

शाळेचा_फळा, १३ मार्च

दादा, तशी आशा तुम्हाला द्यावी असं मनापासून वाटतं, पण ते खरं नाही. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात पात्याफुलात, बोंडात शिरते. तिथे सरड्याचं तोंड पोचत नाही. तिचा पतंग रात्री फिरतो आणि सरडा रात्री फांदीवर झोपलेला असतो. पानावर उघड्यावर बसणाऱ्या अळ्या आणि नाकतोडे तो खाईल, पण ते आपोआप जेवढं होतं तेवढंच. कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे), हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या वेळेत काढून टाकणं, या गोष्टींना त्याची बरोबरी नाही.

कपाशी_तूर, १३ मार्च

बरं झालं स्पष्ट सांगितलं. धुऱ्यावरचं गवत मात्र ठेवतो मी. फवारणीच्या दिवसांत सरडे तिथेच जाऊन बसतात.

कुळागर (फोंडा, गोवा), १४ मार्च

आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, बागेतला सरडा आहेच, पण त्याच्याहून मला जीव लावणारा आहे तो उडता सरडा. पोफळीच्या खोडावर चिकटून बसला तर खोडाचाच तुकडा वाटतो. फासळ्यांवर ताणलेलं कातडं पसरून एका पोफळीवरून दुसरीवर तरंगत जातो. त्याचा आहार जवळजवळ मुंग्यांचाच. खोडावर वर-खाली जाणारी मुंग्यांची वाट असते, तिच्या कडेला तो बसतो आणि एकेक उचलत राहतो. एका खोडावरचं झालं की पुढच्या खोडाच्या खालच्या भागावर उतरतो आणि पुन्हा वर चढत जातो. मादी अंडी घालायला तेवढी जमिनीवर येते, नाहीतर दोघांचं सगळं आयुष्य झाडावर.

आमच्या आजोबांच्या वेळी खोडांवर मुंग्या दिसल्या की लगेच पूड टाकत नसत. "त्यांचं खाणारा वर बसलाय" म्हणायचे. कुणाबद्दल म्हणायचे ते मला फार उशिरा कळलं.

जुनी_पानं (मुंबई), १५ मार्च

या विषयावर एक जुना प्रयोग आठवला, तो इथे सांगायलाच हवा.

काही फुलपाखरं चवीला कडू-विषारी असतात. रुईवर वाढलेली अळी रुईतली विषं अंगात साठवते, ती पुढे फुलपाखरातही राहतात. पक्षी एकदा चव घेतात आणि पुन्हा त्या भडक रंगाच्या वाटेला जात नाहीत, असा सिद्धांत. १८९० च्या दशकात कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये काम करणाऱ्या फ्रँक फिन यांनी ठरवलं की हे इथल्याच प्राण्यांवर तपासून बघावं. त्यांनी सातभाईंसारख्या पक्ष्यांना फुलपाखरं दिली, आणि मग आपल्या ह्याच बागेतल्या सरड्यालाही दिली. पक्ष्यांनी निवड केली. सरड्यांनी मात्र कडू समजली जाणारी फुलपाखरंही खाल्ली, आणि नावड अशी काही दाखवली नाही. हे निष्कर्ष बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले.

सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी कलकत्त्यात तासन् तास बसून सरडा काय खातो हे लिहून ठेवत होतं, हे मला फार भावतं. तगरताई, तुम्हीही लिहून ठेवा. मनापासून सांगतो.

तगर, ६ एप्रिल

जुनी_पानं, तुमचं ऐकलं. मुलगी आणि मी मिळून तीन आठवडे वही ठेवली. सकाळी नऊ ते दहा आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी चारनंतरही. जे दिसलं तेवढंच लिहिलंय.

मुंग्या रोज. काळे मुंगळे तो सोडत नाही, पण बारीक लाल मुंग्यांच्या रांगेवर कधीकधी बसून राहतो आणि खात नाही. कारण माहीत नाही. चार वेळा नाकतोडा, त्यातला एक एवढा मोठा की पाय तोंडाबाहेर बराच वेळ होते आणि त्याने तो फांदीवर घासून-घासून आत ओढला. लिंबावरची हिरवी अळी दोनदा. एक माशी, हवेतच. एक कोळी. आणि एकदा जास्वंदीच्या पडलेल्या फुलाची पाकळी! मुलीने पाहिलं, मी आत होते. ती शपथेवर सांगते की त्याने ती चावून गिळली.

लिंबावरची अळी गेली याचं मला थोडं वाईट वाटलं. ती फुलपाखराची असते ना. मुलगी दोन दिवस रुसली होती सरड्यावर.

शाळेचा_फळा, ६ एप्रिल

मुलीवर विश्वास ठेवा. मुख्य आहार किडेच असले तरी हे सरडे अधूनमधून पाकळी, कोवळं पान, मऊ फळ खातात हे नोंदलेलं आहे.

वहीला आता दुसरी जोड द्या. भिंतीवर त्याची विष्ठा पडलेली असेल, काळपट कांडी आणि टोकाला पांढरा ठिपका. ते पांढरं म्हणजे युरिक आम्ल, त्यांची लघवी अशी घट्ट स्वरूपात येते. त्यामुळे पाणी वाचतं. वाळलेली कांडी हातमोजे घालून उचला, बशीत पाण्यात भिजवा, सुईने अलगद सोडवा आणि भिंगातून पाहा. मुंग्यांची डोकी ओळखू येतात, भुंगेऱ्यांच्या पंखांची चमकदार कवचं, नाकतोड्याच्या तंगड्या. आमच्या नववीच्या मुलांनी एका कांडीत मुंग्यांची चाळीसहून जास्त डोकी मोजली होती. नंतर हात साबणाने धुवायलाच हवेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो.

पण एक सावधगिरी. अळी मऊ असते, पचून जाते, मागे जेमतेम जबड्याचा कण उरतो. म्हणून विष्ठा पाहून वाटतं की तो मुंग्या-भुंगेरेच खातो, आणि तुमच्या वहीत दिसणारी हिरवी अळी तिथे सापडत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवं.

निवळ, ७ एप्रिल

मग दिवसाला किती किडे लागतात? तगरताईंनी सुरुवातीलाच विचारलं होतं.

शाळेचा_फळा, ७ एप्रिल

एक आकडा सांगता येणार नाही. एक मोठा नाकतोडा मिळाला तर तो पुढे बराच वेळ शांत. मुंग्याच असतील तर डझनावारी. पोटात चरबीच्या गाद्या असतात, त्यांवर तो उपाशी दिवस काढतो. माद्यांना अंड्यांसाठी हा साठा फार लागतो. त्यांचं शरीर आपल्यासारखं सतत ऊब तयार करत नाही, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या पक्ष्याच्या मानाने त्यांना फारच थोडं पुरतं.

डॉ_गुरंढोरं (पशुवैद्य), ९ एप्रिल

लोक माझ्याकडे जखमी सरडे घेऊन येतात, म्हणून थोडं लिहितो.

पहिलं म्हणजे दूध पाजू नका. त्यांच्या पोटाला दुधाचं काही कळत नाही आणि थेंब श्वासनलिकेत जातात. गारठलेल्या सरड्याच्या तोंडात बळेच काही भरू नका. आधी ऊब, मग पाण्याचे थेंब तोंडाच्या कडेला, आणि खाणं सगळ्यात शेवटी. थंड शरीरात गेलेलं अन्न पचत नाही, आतच कुजतं.

दुसरं, पिंजऱ्यात ठेवून रोज एकाच प्रकारचे किडे घालणं हाही अन्याय आहे. बहुतेक किड्यांमध्ये कॅल्शियम कमी असतं. बाहेर तो नाना प्रकारचं खातो आणि उन्हात बसतो, त्यामुळे भागतं. खोलीत ठेवलेल्या सरड्याची हाडं मऊ होऊन जबडा वाकतो, पाय फेंगडे होतात. असे मी पाहिलेत. लहान मुलांनी हौसेने बाटलीत ठेवलेले होते. मुलांचा दोष नाही, कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

उन्हाळ्यात काही करायचंच असेल तर पाणी. आणि वाटीत ठेवून तो पीत नाही म्हणून निराश होऊ नका. सरडे पानावरचे थेंब चाटतात. सकाळी कढीपत्त्यावर, मेंदीवर पाणी शिंपडा. तेवढ्याने त्याचंही होतं आणि किड्यांचंही.

गवतफूल, ९ एप्रिल

डॉक्टर, सापसुरळीचं खाणंही असंच का? आमच्या आई तिला सापाची मावशी म्हणतात आणि विषारी समजतात.

डॉ_गुरंढोरं, ९ एप्रिल

सापसुरळी विषारी नाही. खाणं पुष्कळसं तसंच, पण जागा वेगळी. ती जमिनीवर, कुंड्यांच्या मागे, पाचोळ्याखाली. रातकिडे, झुरळं, कोळी, भुंगेरे, गांडुळं. जीभ सारखी आत-बाहेर करते ती वास घेण्यासाठी. टाळूत वासाचं एक इंद्रिय असतं, जिभेने उचललेले कण तिथे पोचतात. पकडते मात्र जबड्याने. धोका दिसला की शेपूट तोडून पळते, आणि ती पुन्हा वाढते. शेपटीत चरबी साठवलेली असते, म्हणजे शेपूट गेली की साठवलेली शिदोरीच गेली. मुलांना गंमत म्हणून शेपूट तोडायला लावू देऊ नका. सरड्याला ती सोय नाही, त्याची तुटली तर तशी परत येत नाही.

भिंतीवरची पाल रात्रपाळीला. दिव्याखाली पतंग, डास, झुरळाची पिल्लं. कात टाकली की तीही खाऊन टाकते, काही वाया घालवत नाही.

मेर्लायन_जवळ (सिंगापूर), १२ एप्रिल

आपला हाच सरडा इथे पाहुणा आहे. १९८० च्या दशकात मलेशिया-थायलंडकडून इथे आला आणि बागा, रस्त्याकडेची झाडं सगळीकडे पसरला. इथला मूळचा हिरवा तुरेवाला सरडा मागे हटत-हटत जंगलाच्या कडेला गेला. नव्या सरड्याला खाण्याचे लाड नाहीत, माणसाने केलेल्या उघड्या जागा त्याला मानवतात, आणि भांडखोरही आहे.

नाशिकच्या भिंतीवर जो मला इतका आपला वाटतो, त्याच्याकडे इथे बघताना मन दोन्हीकडे ओढतं. दोष त्याचा नाही, त्याला आणलं माणसांनीच. पण हिरवा सरडा दिसला की मी तिथेच थांबते.

कातळावरचा (सातारा), १५ एप्रिल

फळासाहेब सातारचे असून चाळकेवाडीबद्दल लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. विषयाला धरूनच आहे.

आमच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक छोटा सरडा आहे. उन्हाळ्यात नर दगडावर उभा राहून गळ्याची निळी-काळी-केशरी झालर उघडतो. २०१६ मध्ये त्याचं शास्त्रीय नाव ठरलं, सरडा सुपर्बा. त्यातलं 'सरडा' आपलंच, मराठी.

या सड्यावर पवनचक्क्या आहेत. तिथे झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी खूपच कमी, त्यामुळे सरडे खूपच जास्त. वाटेल की चैन झाली. पण ते सरडे अंगाने रोडावलेले निघाले. तोंडं वाढली आणि किडे तेवढेच. माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नाहीत, कारण वरून झडप घालणाराच राहिला नाही.

तगरताई, तुमच्या बागेत एकच सरडा आहे याचं वाईट वाटून घेऊ नका. बहुधा तेवढ्याच किड्यांची ती जागा आहे. नर तर आपल्या हद्दीत दुसरा नर येऊच देत नाही.

तगर, १९ जून

खूप दिवसांनी आले. एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती लिहायला मला वेळ लागला.

मे महिन्यात जास्वंदीवर पांढरा ढेकण्या इतका वाढला की कळ्या गळायला लागल्या. दुकानातून औषध आणलं आणि सगळ्या बागेवर फवारलं. फक्त जास्वंदीवर मारायला हवं होतं, पण पंप हातात होता, म्हणून शेवगा, लिंबं, मेंदी, सगळीकडे मारलं. दोन दिवसांत बाग अगदी गप्प झाली. मुंग्यांच्या रांगा नाहीत, नाकतोडे नाहीत. सरडा तिसऱ्या दिवशी शेवग्यावर बसलेला दिसला, नेहमीसारखं डोकं खाली करून. तासभर बसला. काहीच हललं नाही. चौथ्या दिवसापासून तो आला नाही.

तो औषधाने मेला, की उपासमारीने निघून गेला, मला माहीत नाही. मुलीने वहीत त्या आठवड्यात रोज एकच ओळ लिहिली आहे: आज आला नाही.

डॉ_गुरंढोरं, १९ जून

तगरताई, निघून गेला असण्याची शक्यता पुष्कळ आहे. खाणं मिळेना की ते कुंपण ओलांडतात, म्हणीत काहीही म्हटलेलं असो. पाऊस सुरू झालाय, बाग भरायला वेळ लागणार नाही. ढेकण्यासाठी सुरुवातीलाच पाण्याचा जोरदार फवारा, जास्त लागलेल्या फांद्या छाटून टाकणं, आणि अगदी गरज पडली तर साबणाचं पाणी, तेही तेवढ्याच झाडावर. मेलेला किंवा धडपडणारा किडा सरड्याने खाल्ला तर विष त्याच्या पोटात जातं. म्हणून सगळ्या बागेवर कधीच मारू नका.

मधपेटी, १९ जून

आणि फुलं उमललेली असताना तर अजिबात नाही. ही विनंती समजा.

कुळागर, २० जून

एक कोपरा तसाच सोडा. पाचोळा, एक कुजका ओंडका, थोडं गवत. किडे परत येण्याची सुरुवात तिथूनच होते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते ना, त्या दिवशी आमच्याकडे सगळ्यांची दिवाळी असते. पाली, बेडूक, कोतवाल, सगळे. उजेड असेपर्यंत सरडेही. एका संध्याकाळी पोट तट्ट फुगलेला सरडा मेंदीवर तसाच झोपी गेलेला मी पाहिलाय.

निवळ, २० जून

ताई, वही बंद करू नका.

तगर, २७ ऑगस्ट

वही चालू आहे.

शेवग्याखालचा कोपरा सोडला आहे. झाडलेला सगळा पाचोळा तिथेच टाकते. सासूबाईंनी स्वतः आंब्याचा एक जुना ओंडका आणून ठेवला. जुलैमध्ये एक मादी दिसली, अंगाने फुगीर, फिकट. लिंबाच्या आळ्यात ती पुढच्या पायांनी माती उकरत होती. आम्ही तिघी खिडकीतून बघत होतो, बाहेर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तिथली माती सारखी केलेली होती. मुलीने भोवती चार दगड ठेवले आणि तिथे कुणी पाय द्यायचा नाही असं सगळ्यांना सांगून टाकलं.

परवा सकाळी त्या दगडांजवळ बोटाएवढी दोन पिल्लं होती. निम्म्याहून जास्त शेपूटच. आज एक पिल्लू ओंडक्यावर बसलेलं होतं, मोठ्यांसारखंच डोकं खाली करून. खालून मुंगी गेली. ते झेपावलं आणि हुकलं. दुसरी गेली, तीही हुकली. तिसरी मिळाली.

वहीत आजची ओळ मुलीच्याच अक्षरात आहे: एक काळी मुंगी, सकाळी ९ वाजून २० मिनिटं.